रेघ कुठे ओढायची?

मे महिना संपत आला की जळगाव-धुळ्याकडे लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, कृषी केंद्राच्या ओट्यावर एकच विषय असतो: कपाशीचं बियाणं यंदा कुठलं घ्यायचं? अमक्या कंपनीचं पाकीट मिळतंय का, की त्याच्याबरोबर नको असलेलं खतही 'लिंकिंग'मध्ये गळ्यात मारताहेत? बागायतदार मे अखेरीस लागवड करून मोकळा होतो, कोरडवाहूवाला आभाळाकडे बघत बसतो. पण पाकीट दोघांच्याही हातात तेच. ४७५ ग्रॅमचं, वर टपोऱ्या बोंडांचा फोटो. अख्ख्या वर्षाचं गणित त्या पाकिटात.

आज लिहायचंय ते मात्र गोल्फवर. (थांबा, लगेच पळू नका!) आमच्या खान्देशात गोल्फचं नाव काढलं तर "ते काय राहतं भो?" असं विचारणारे दहात नऊ निघतील, आणि दहावा म्हणेल, रिटायर्ड साहेबांचा खेळ. तरीही मुद्दा असा की या खेळातली सगळ्यात मोठी सांघिक स्पर्धा, जिच्यासाठी अमेरिका आणि युरोप दर दोन वर्षांनी एकमेकांसमोर उभे राहतात, ती एका बियाणेवाल्याच्या नावाने चालते. आणि तो पाकिटातूनच बियाणं विकायचा.

त्याचं नाव सॅम्युएल रायडर. जन्म १८५८, उत्तर इंग्लंडात प्रेस्टनजवळ. पुढे लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्स गावात त्याने बियाण्यांचा धंदा सुरू केला. त्या काळी फुलझाडांचं बियाणं घ्यायचं तर जास्तीचं आणि महाग घ्यावं लागे, म्हणजे मोठ्या बागा असणाऱ्यांचीच चैन. रायडरने डोकं लावलं. एका पाकिटाला एक पेनी, आणि माल पोस्टाने घरपोच. ज्याच्या घरामागे जेमतेम चार वाफे आहेत त्या कामगारालाही परवडेल असा भाव. शनिवारी कामगारांना अर्ध्या दिवसाची सुट्टी, म्हणून तो शुक्रवारी पाकिटं पोस्टात टाकायचा, असं सांगतात. आजच्या भाषेत ही 'लो कॉस्ट, हाय व्हॉल्यूम' स्ट्रॅटेजी. धंदा असा वाढला की १९०५ मध्ये हा गृहस्थ गावाचा महापौर झाला.

कामाच्या ओढाताणीत तब्येत बिघडली. मोकळ्या हवेत जा, असा सल्ला मिळाला, म्हणून पन्नाशीच्या आसपास गोल्फ खेळायला लागला. आणि आपल्याकडे पन्नाशीनंतर एखाद्याला भजनाचा नाद लागतो तसा त्याला गोल्फचा लागला. १९११ मध्ये गावच्या व्हेरुलम क्लबचा कॅप्टन झाला. पुढे तर एब मिचेल नावाच्या नामांकित खेळाडूला वर्षाला ५०० पौंड पगार देऊन त्याने स्वतःचा शिक्षक म्हणून ठेवून घेतलं.

इथे जरा थांबून त्या काळच्या गोल्फची उतरंड समजून घेतली पाहिजे, कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते. पैशासाठी न खेळणारे ते 'जंटलमन', हौशी. आणि पैशासाठी खेळणारे, शिकवणारे, काठ्या दुरुस्त करून देणारे ते 'प्रोफेशनल'. हे बहुतेक गरीब घरांतले, लहानपणी दुसऱ्यांच्या बॅगा उचलून खेळ शिकलेले. खेळात ते जंटलमन लोकांना सहज हरवायचे, पण क्लबहाऊसच्या आत त्यांना जागा नसायची. १९२० च्या ब्रिटिश ओपनला अमेरिकेचा वॉल्टर हेगन आला, तर त्यालाही क्लबहाऊसमध्ये कपडे बदलू देईनात. त्याने सरळ एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, क्लबच्या दारात उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले.

हे वाचताना मराठी माणसाला बाळू पालवणकर आठवणारच. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर नेटमध्ये गोलंदाजी करत तयार झालेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. हिंदू संघाला तो मैदानावर हवा होता, पण चहाच्या वेळी त्याचा चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. इंग्लंडात वर्ग, आपल्याकडे जात. अर्थात दोन्ही सारखं नव्हे. हेगन मोटार भाड्याने घेऊ शकत होता, बाळूंना जातीतून बाहेर नेणारी मोटार कुठेच भाड्याने मिळत नव्हती.

असो. १९२६ मध्ये वेंटवर्थला ब्रिटन आणि अमेरिका यांच्या प्रोफेशनल खेळाडूंचा एक सामना झाला. ब्रिटनने तो साडेतेरा विरुद्ध दीड असा जिंकला. रायडर बघायला हजर होता. हौशी खेळाडूंसाठी ब्रिटन-अमेरिका असा वॉकर कप १९२२ पासून होताच. मग या कष्टाने खेळणाऱ्यांसाठी का नको? रायडरने सोन्याचा कप करवून घेतला, किंमत २५० पौंड. त्या कपाच्या झाकणावर गोल्फ खेळणारी एक छोटी मूर्ती आहे. ती राजाची नाही, लॉर्डाची नाही, रायडरची स्वतःचीही नाही. ती एब मिचेलची आहे, म्हणजे त्याच्या पगारी शिक्षकाची. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

पहिला अधिकृत रायडर कप १९२७ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथे झाला. ब्रिटिश खेळाडूंकडे बोटीच्या तिकिटाचेही पैसे नव्हते. एका गोल्फ मासिकाने वर्गणी काढली, ३००० पौंडांना सुमारे ५०० कमी पडले ते रायडरने घातले. आणि नशीब बघा, ज्याची मूर्ती कपावर आहे तो मिचेलच ॲपेंडिक्समुळे जाऊ शकला नाही. ब्रिटन साडेनऊ–अडीच हरलं.

आता खेळ कसा चालतो ते थोडक्यात. एरवी गोल्फ म्हणजे एकट्याचा खेळ. चार दिवसांत सगळ्यात कमी फटके कुणाचे, संपला विषय. रायडर कपमध्ये तसं नाही. आज प्रत्येक बाजूला १२ खेळाडू असतात. शुक्रवार आणि शनिवार जोड्यांचे सामने, रविवारी १२ एकेरी. एकूण २८ सामने, प्रत्येकाला एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा अर्धा. साडेचौदा झाले की जिंकलात. १४–१४ झालं तर कप आधीच्या विजेत्याकडेच राहतो. आणि इथे एकूण फटके मोजत नाहीत, एकेक होल कुणी जिंकलं ते मोजतात.

या प्रकारात एक नियम फार गमतीचा आहे. समोरच्याचा चेंडू होलच्या अगदी जवळ असेल, तर तुम्ही म्हणू शकता, "दिला." म्हणजे त्याने तो शेवटचा फटका न मारताच चेंडू आत गेला असं धरायचं. एकदा दिलेला परत घेता येत नाही, आणि समोरच्याला नाकारताही येत नाही. गोट्या खेळताना गलीच्या काठावर थांबलेली गोटी 'सोड रे, गेली समज' म्हणून आपण सोडायचो, तेच. फक्त इथे ते नियमपुस्तकात लिहिलेलं आहे. प्रतिस्पर्ध्याला काय द्यायचं, हा या खेळात अधिकृत निर्णय असतो.

हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीच्या चार सामन्यांत दोन्ही बाजू आपापल्या घरी जिंकल्या. नंतर अमेरिकेचा वरवंटा फिरायला लागला. दुसऱ्या महायुद्धात सामने बंद पडले. १९४७ ला पुन्हा सुरू करायचे तर ब्रिटन युद्धाने कंगाल झालेलं, खेळाडूंना पाठवायला पैसा नाही. तेव्हा अमेरिकेतल्या ओरेगनचा रॉबर्ट हडसन नावाचा फळांचा व्यापारी पुढे आला आणि त्याने पाहुण्या संघाचा खर्च उचलला. (आधी बियाणेवाला, मग फळवाला. ही स्पर्धा जळगावच्या मार्केट यार्डात सहज खपली असती!) पाहुणे ११–१ असे सपाटून हरले, पण स्पर्धा जगली.

जगली म्हणजे श्वास चालू होता इतकंच. १९२७ ते १९७७ या पन्नास वर्षांत २२ सामने झाले. त्यातले अमेरिकेने १८ जिंकले, ब्रिटनने ३, एक बरोबरीत. निकाल आधीच माहीत असलेला सामना कोण बघणार? भारत-पाकिस्तान सामन्याची मजा निकाल माहीत नसण्यात आहे. तीच गोष्ट गेली तर उरतो तो नुसता सरकारी कार्यक्रम.

त्या २२ मधली जी एक बरोबरी, ती १९६९ ची, इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेलची. वातावरण तापलेलं होतं. ब्रिटिश कॅप्टन एरिक ब्राऊनने आपल्या खेळाडूंना सांगून ठेवलं होतं की अमेरिकनांचा चेंडू गवतात हरवला तर शोधायला मदत करायची नाही. तीन दिवस खेळून शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या होलवर सगळी बेरीज साडेपंधरा–साडेपंधरा. मैदानात उरले दोघं. अमेरिकेचा जॅक निकलस, वय २९, तेव्हाही जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जाणारा. आणि ब्रिटनचा टोनी जॅकलिन, ज्याने त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकली होती, १८ वर्षांनंतर ती जिंकणारा पहिला ब्रिटिश.

निकलसने आपला चेंडू आत घातला. जॅकलिनचा दोन फुटांवर. दोन फूट म्हणजे काहीच नाही, आणि त्या क्षणी सगळंच. चुकला असता तर जन्मभर लोकांनी त्याला त्याच दोन फुटांनी ओळखलं असतं. निकलसने वाकून जॅकलिनच्या चेंडूच्या जागेवरची खूण उचलली. दिला. सामना १६–१६, रायडर कपच्या इतिहासातली पहिली बरोबरी. तू चुकला नसतास असंच मला वाटतं, पण चुकायची संधीही मला तुला द्यायची नव्हती, अशा अर्थाचं काहीतरी तो जॅकलिनला म्हणाला. कप अमेरिकेकडेच राहिला, पण त्यांचा कॅप्टन सॅम स्नीड वैतागला. त्याला जिंकायचं होतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

ही गोष्ट सगळे सांगतात. खिलाडूवृत्तीच्या धड्यात घालायला बरी पडते. पण निकलसने दिलेली खरी मोठी गोष्ट आठ वर्षांनी आली, आणि ती फार कमी जण सांगतात.

१९७७ मध्ये अमेरिका पुन्हा आरामात जिंकली. निकलसने ब्रिटिश प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशनचे अध्यक्ष लॉर्ड डर्बी यांच्याशी बोलून, नंतर पत्र लिहून सुचवलं की हे असं चालू राहिलं तर स्पर्धेत राम उरणार नाही, समोरची बाजू मोठी करा, युरोपातले खेळाडूही घ्या. म्हणजे जिंकणारा माणूस हरणाऱ्याला सांगतोय की बाबा रे, माझ्याविरुद्ध आणखी माणसं आण. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, मार्केट लीडरने स्वतः जाऊन स्पर्धक कंपनीसाठी इंजिनिअर शोधून द्यावेत, असा प्रकार.

१९७९ पासून 'ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड'च्या जागी 'युरोप' आलं. पहिल्या वर्षी युरोप खंडातले दोघंच होते, दोघंही स्पेनचे: सेव्ह बायेस्टेरोस आणि अंतोनियो गारिदो. हरलेच. १९८३ ला टोनी जॅकलिन, हो, तोच दोन फूटवाला, युरोपचा कॅप्टन झाला. त्याने आधी अटी घातल्या: प्रवास कॉन्कॉर्ड विमानाने, कपडे उत्तम, संघाला एकत्र बसायला स्वतःची खोली. क्लबहाऊसच्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांचा तो हिशेब होता असं मला वाटतं. त्या वर्षी एका गुणाने गेलं. १९८५ ला बेल्फ्रीला युरोप साडेसोळा–साडेअकरा जिंकला, २८ वर्षांनंतरचा पहिला विजय. आणि १९८७ ला युरोपने अमेरिकेला पहिल्यांदाच अमेरिकेत हरवलं. कोर्स ओहायोतलं, खुद्द निकलसने बांधलेलं. अमेरिकेचा कॅप्टन कोण? निकलस. युरोपचा? जॅकलिन. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही दाखवतात.

आता आकडे पुन्हा बघा. १९७९ ते २०२५ या काळात २३ सामने: युरोप १३, अमेरिका ९, एक बरोबरी. खेळ तोच, नियम जवळपास तेच. बदललं काय? फक्त बाजूची रेघ.

इथे मला आमच्या रेघेबद्दल बोलायचंय. एके काळी खान्देश हा एकच जिल्हा होता आणि कारभार धुळ्याहून चालायचा. १९०६ मध्ये इंग्रजांनी सोयीसाठी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्व खान्देशचं ठाणं जळगाव, पश्चिमचं धुळे. महाराष्ट्र झाल्यावर त्यांचेच जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. एका कारकुनी रेघेवर आम्ही शंभर-सव्वाशे वर्षं काय काय टांगलंय! खरी अहिराणी कुणाची, लेवा बोलीला अहिराणीत धरायचं की नाही, भरीत कुणाचं आणि शेवभाजी कुणाची, विद्यापीठ जळगावलाच का. जळगावचा धुळेकराला टोमणा मारतो, धुळेकर त्याला 'केळीवाले' म्हणतो. आणि हेच दोघं हिंजवडीत कँटीनच्या रांगेत भेटले की पाच मिनिटांत 'आपला खान्देशी'. पुणेकरासमोर तर दोघं सख्खे भाऊ. न्यू जर्सीत गेले की त्यात पुणेकरही सामील. समोर कोण उभं आहे त्यावर रेघ सरकते.

म्हणजे रेघ खोटी असते असं नाही. रेघेशिवाय सामनाच होत नाही. प्रश्न इतकाच की ती कशावरून ओढलीय, आणि वेळ आल्यावर हलवता येते का.

हलवता न आलेल्या रेघेची गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात आहे. १८९२ पासून मुंबईत युरोपियन विरुद्ध पारशी असा क्रिकेटचा वार्षिक सामना रंगू लागला. १९०७ ला हिंदू आले, तिरंगी झाली. १९१२ ला मुस्लिम, चौरंगी. १९३७ ला पाचवा संघ आला, त्याचं नाव 'द रेस्ट', म्हणजे 'इतर': ख्रिश्चन वगैरे, जे कुणातच बसत नाहीत ते. मुंबईत या सामन्यांना तुफान गर्दी व्हायची. यात चांगलंही बरंच घडलं. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, तेव्हा बाळूंच्या गोलंदाजीने जातीच्या भिंतीला तडा दिला. बाळूंना कॅप्टनपद कधीच मिळालं नाही, पण त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कॅप्टन झाले. म्हणजे संघाच्या आतली रेघ हलली, थोडी का होईना.

पण बाहेरची, धर्माची रेघ तशीच राहिली. त्या रेघेचा मूर्खपणा सगळ्यात स्वच्छ दिसला १९४३ मध्ये. 'इतर' संघाकडून खेळत होते विजय हजारे. सांगलीचे, मराठी, धर्माने ख्रिश्चन, म्हणून 'इतर'. हिंदूंविरुद्धच्या त्या सामन्यात दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागीदारी, त्यात विवेकच्या २१. तरी संघ हरला. पुढे हेच हजारे भारताचे कॅप्टन झाले आणि १९५२ मध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली ती त्यांच्या नेतृत्वाखाली. अशा माणसाला 'इतर' म्हणणारी रेघ! गांधीजींनी १९४० मध्येच धर्मावर आधारलेल्या या सामन्यांबद्दल नापसंती सांगितली होती. १९४६ ला स्पर्धा कायमची बंद झाली, आणि बरंच झालं. पुढच्याच वर्षी तीच रेघ नकाशावर उमटली आणि तिथे मैदानासारखा खेळ संपल्यावर हात मिळवायचा रिवाज नव्हता.

'इतर' हा शब्द मात्र डोक्यात ठेवा, कारण गोल्फमध्येही एक 'इतर' संघ आहे, आणि त्यात एक पुण्यात जन्मलेला माणूस खेळला.

रायडर कपमध्ये अमेरिका आणि युरोप. मग उरलेल्या जगाने काय करायचं? ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, जपान, कोरिया, आणि आपण. भारतात गोल्फ १८२९ पासून आहे बरं का. रॉयल कलकत्ता हा ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना क्लब समजला जातो. तर या उरलेल्यांसाठी १९९४ मध्ये प्रेसिडेंट्स कप निघाला: अमेरिका विरुद्ध 'इंटरनॅशनल'. नाव भारदस्त, अर्थ 'इतर'च. २०२४ पर्यंत १५ सामने झाले, अमेरिकेने १३ जिंकले. 'इतर' एकदाच जिंकले, १९९८ ला मेलबर्नला. आणि २००३ ला दक्षिण आफ्रिकेत अंधार पडेपर्यंत खेळूनही निकाल लागेना, तेव्हा दोन कॅप्टननी कप वाटून घ्यायचं ठरवलं. एक होते गॅरी प्लेअर. दुसरे? ओळखलंत. निकलस.

२०१५ चा सामना कोरियातल्या इंचॉनला होता. 'इतर' संघात अनिर्बन लाहिरी होता, या स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय. जन्म १९८७, पुणे. वडील लष्करात डॉक्टर, त्यामुळे खेळ शिकला तो लष्करी कोर्सवर. रविवारी शेवटच्या होलवर त्याची आणि ख्रिस कर्कची बरोबरी होती. लाहिरीने आपला चेंडू अप्रतिम मारून होलपासून चारेक फुटांवर आणून ठेवला. कर्कचा चांगला पंधरा फुटांवर. कर्कने तो घातला. आता लाहिरीचे चार फूट. घातला तर अर्धा गुण.

चेंडू होलच्या कडेला लागून बाहेर आला.

अमेरिका साडेपंधरा–साडेचौदा अशी जिंकली. कागदावर मांडलं तर तो अर्धा गुण फिरला असता तर १५–१५. आणि योगायोग असा की त्या कोर्सचं नाव 'जॅक निकलस गोल्फ क्लब'. पण कर्कने तो फटका 'द्यायला' हवा होता असं मी म्हणणार नाही. चार फूट म्हणजे दोन फूट नव्हेत, कुणीच देत नाही. दोन वर्षांनी, २०१७ ला न्यू जर्सीत, याच लाहिरीने कोरियाच्या किम सी-वूबरोबर शनिवारी संध्याकाळी जोडीचा सामना जिंकला, म्हणून अमेरिकेला शनिवारीच कप उचलता आला नाही. एरवी त्या वर्षी 'इतर' पार धुतले गेले.

'इतर' का हरतात? अमेरिकेकडे चांगले खेळाडू जास्त, हे पहिलं कारण. पण दुसरंही आहे. ऑस्ट्रेलियन, कोरियन आणि भारतीय यांना एकत्र बांधणारं एकच सूत्र, की ते अमेरिकन नाहीत आणि युरोपियन नाहीत. नकारावर संघ बांधायचा म्हणजे अवघडच. २०१९ ला कॅप्टन एर्नी एल्सने त्यांना ढालीसारखं नवं बोधचिन्ह दिलं, कारण त्या संघाला स्वतःचा झेंडाच नव्हता. त्या वर्षी ते जिंकत जिंकत १६–१४ हरले. चिन्ह आलं, जवळिकीला अजून वेळ लागेल.

युरोपलाही वेळ लागलाच होता. आणि तिथेही रेघ नेहमी शहाण्यासारखी वागली नाही. १९९१ ला आखाती युद्धानंतर काही अमेरिकन खेळाडू लष्करी छापाच्या टोप्या घालून उतरले, जणू लढाईच. त्या सामन्याचा निकाल बर्नहार्ड लँगरच्या सहा फुटांच्या हुकलेल्या फटक्यावर लागला. (पुढच्याच आठवड्यात तो जर्मनीतली स्पर्धा जिंकला, याला म्हणतात माणूस.) १९९९ ला बोस्टनजवळ अमेरिकन खेळाडू आणि बायकामंडळी ओलाथाबालचा फटका बाकी असतानाच नाचत ग्रीनवर घुसली. २०२५ ला न्यूयॉर्कजवळ रोरी मॅकिलरॉयला प्रेक्षकांनी इतक्या शिव्या घातल्या की जादा पोलीस लावावे लागले. युरोप तरी १५–१३ जिंकला. त्याच वर्षी अमेरिकन खेळाडूंना प्रत्येकी पाच लाख डॉलर दिले गेले, तीन लाख दानधर्मासाठी, दोन लाख त्यांच्या मर्जीचे. युरोपचे खेळाडू बिनपैशाचे खेळले. एकट्याने खेळताना दर आठवड्याला पैसे मोजणारी ही माणसं, पण इथे पैसे न घेण्यावर अडून बसली.

पण १९९९ च्या त्याच गोंधळात एक गोष्ट झाली. कॉलिन माँटगोमेरीला दिवसभर प्रेक्षक घाण बोलत होते. त्याच्यासमोर अमेरिकेचा पेन स्टुअर्ट. कप अमेरिकेने जिंकून झाला होता, यांचा सामना शेवटच्या होलवर. स्टुअर्टने माँटगोमेरीचा फटका देऊन टाकला, म्हणजे सामनाच दिला. महिन्याभरात स्टुअर्ट विमान अपघातात गेला. लोकांना त्याने जिंकलेल्या स्पर्धांइतकाच हा दिलेला फटका आठवतो.

शेवटचा मुद्दा ब्रेक्झिटचा. जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचा कौल दिला. तीन महिन्यांनी रायडर कप होता, आणि इंग्लंडचे खेळाडू बारा ताऱ्यांच्या निळ्या झेंड्याखाली उभे होते. २०२३ ला रोममध्ये तसेच, २०२५ ला न्यूयॉर्कमध्येही तसेच. देश बाहेर पडला, गोल्फर आत राहिले. मतदानाने आखलेली रेघ एकीकडे, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकत्र हरून-जिंकून तयार झालेली रेघ दुसरीकडे. दुसरी जास्त टिकाऊ निघाली. कारण ती जन्मावरून ओढलेली नव्हती, ती एका प्रतिस्पर्ध्याच्या पत्रातून आली होती आणि पुढे लोकांनी आपली मानली.

सगळं वाचून मला एवढंच कळलं. वैर टिकवायचं असेल तर समोरचा टिकला पाहिजे, आणि ते काम बऱ्याचदा जिंकणाऱ्याला करावं लागतं. कधी बोटीचं भाडं देऊन, कधी दोन फूट सोडून, कधी रेघच सरकवून. धर्मावर, जातीवर ओढलेल्या रेघेला हे जमत नाही, कारण तिथे पलीकडचा माणूस कधी अलीकडे येऊच शकत नाही.

पुढचा रायडर कप सप्टेंबर २०२७ मध्ये आयर्लंडला आहे, पहिल्या सामन्याला बरोबर १०० वर्षं होतील तेव्हा. शुक्रवार-शनिवार नाही जमलं तरी रविवारच्या १२ एकेरी जरूर बघा. आपला तिथे कुणी नसेल, म्हणजे बाजू आपली आपण निवडायची. आणि कुणी "दिला" म्हणून समोरच्याची खूण उचलली, तर रिमोट खाली ठेवून तेवढं नीट बघा.